पाळीव पक्ष्यांची देहबोली आणि आजाराची पूर्वचिन्हे : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

पिंजऱ्यातील पक्षी आजारी पडला की तो आपले दुखणे शक्य तितका काळ लपवतो. त्यामुळे पालकाच्या लक्षात आजार येतो तेव्हा तो बहुधा पुढच्या टप्प्यावर पोहोचलेला असतो. प्रस्तुत लेखात पाळीव पक्ष्यांची नित्याची देहबोली, तीतील अर्थपूर्ण बदल आणि आजाराची पूर्वचिन्हे यांचे विवेचन केले आहे. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या औद्योगिक नगरांतील हवा, हवामान, घरांची रचना आणि पक्षिवैद्यकीय सेवेपर्यंतचे अंतर यांचा या प्रश्नाशी असलेला संबंधही तपासला आहे. आपल्या पक्ष्याची तुलना पुस्तकातील पक्ष्याशी न करता त्याच्या कालच्या रूपाशी करणे, ही निरीक्षणाची सर्वांत विश्वसनीय पद्धती आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : पाळीव पक्षी, देहबोली, बजरीगर, कॉकटेल, श्वसन, विष्ठापरीक्षण, औद्योगिक परिसर.

१. प्रस्तावना

मराठी घराला पिंजऱ्यातला राघू नवा नाही. ओसरीवर टांगलेला, ‘विठू विठू’ म्हणणारा पोपट हे गेल्या कित्येक पिढ्यांचे परिचित दृश्य होते. आज त्याची जागा परदेशी वंशाच्या, पिंजऱ्यातच पैदास झालेल्या पक्ष्यांनी घेतली आहे. बाजारात ‘लव्हबर्ड’ या नावाने सर्रास विकला जाणारा पक्षी हा बहुधा ऑस्ट्रेलियाचा बजरीगर असतो. खरा लव्हबर्ड हा आफ्रिकेतील निराळा पक्षी होय. याखेरीज तुरेवाला कॉकटेल, फिंच आणि जावा चिमणी हे पक्षीही चाळींतून व सदनिकांतून दिसतात.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर ही ठाणे जिल्ह्यातील मध्य रेल्वेच्या मार्गावरील एकमेकांना लागून असलेली नगरे. २०११ च्या जनगणनेनुसार त्यांची लोकसंख्या अनुक्रमे ५,०६,०९८, २,५३,४७५ आणि १,७४,२२६ इतकी होती. दाट वस्ती, लहान घरे आणि दिवसभर नोकरीसाठी मुंबईकडे जाणारी माणसे हे या नगरांचे स्वरूप आहे. मोठा प्राणी पाळणे जिथे अवघड, तिथे गॅलरीच्या जाळीत टांगलेला पिंजरा सोयीचा वाटतो. तथापि पक्षी लहान आहे म्हणून त्याची जबाबदारीही लहान आहे, असा समज यातून रूढ होतो. बजरीगराचे वजन अवघे ३० ते ४० ग्रॅम असते. एवढ्या देहात साठवणीचे अन्न फारसे नसते आणि त्याचा चयापचय अतिशय वेगवान असतो. मोठ्या प्राण्याच्या बाबतीत जो आजार आठवडाभर रेंगाळतो, तो अशा पक्ष्याचा दोन-तीन दिवसांत प्राण घेऊ शकतो. म्हणूनच त्याची देहबोली वाचता येणे हा त्याला जगवण्याच्या विद्येचा पहिला पाठ होय.

२. आजार लपवण्याची प्रवृत्ती

निसर्गात बहुतेक लहान पक्षी हे शिकारी प्राण्यांचे भक्ष्य असतात. थव्यातील जो पक्षी अशक्त दिसतो त्याच्यावर ससाणा किंवा शिक्रा प्रथम झेपावतो. त्यामुळे दुखणे न दाखवणारे पक्षी टिकले आणि ही प्रवृत्ती वंशपरंपरेने पुढे आली. पिंजऱ्यात शिकारी नसला तरी प्रवृत्ती तीच राहते. आजारी बजरीगर माणूस जवळ आला की पिसे घट्ट आवळून ताठ बसतो आणि माणूस दूर गेला की पुन्हा फुगून डोळे मिटतो. काही आजारी पक्षी दाणे चोचीत घेऊन सोलतात, पण गिळत नाहीत. पाहणाऱ्याला मात्र ‘खातो आहे’ असे वाटते.

यावरून निरीक्षणाचे दोन नियम निघतात. पहिला असा की, पक्ष्याला त्याच्या नकळत, काही अंतरावरून, निदान पाच मिनिटे पाहावे. दुसरा असा की, एकेकट्या चिन्हापेक्षा बदलाला महत्त्व द्यावे. स्वभावतः शांत असलेला पक्षी शांत बसला तर त्यात काही विशेष नाही, परंतु रोज पहाटे कलकलाट करणारा पक्षी गप्प झाला तर ती सूचना समजावी.

३. निरोगी पक्ष्याची नित्याची देहबोली

आजार ओळखण्यापूर्वी आरोग्य ओळखता आले पाहिजे. निरोगी पक्ष्याचे डोळे स्वच्छ व गोल असतात, नाकपुड्या कोरड्या असतात, पिसे अंगालगत बसलेली असतात आणि शेपटी पाठीच्या रेषेत राहते. दिवसातून अनेकदा तो चोचीने पिसे विंचरतो. विश्रांतीच्या वेळी एक पाय पोटाशी घेऊन एकाच पायावर बसतो. झोपण्यापूर्वी चोचीचे दोन भाग एकमेकांवर घासल्याचा बारीक करकर आवाज येतो. हा आवाज पुष्कळांना दातओठ खाण्यासारखा वाटतो, परंतु तो समाधानाचे लक्षण आहे.

कॉकटेलचा तुरा हे त्याच्या मनःस्थितीचे सर्वांत स्पष्ट दर्शक आहे. तुरा सरळ उभा असेल तर पक्षी सावध किंवा दचकलेला असतो. तो किंचित मागे झुकलेला असेल तर पक्षी निवांत असतो. तुरा डोक्याला पूर्ण चिकटलेला असून सोबत फुत्कार असेल, तर भीती किंवा राग आहे आणि हात मागे घेणे इष्ट. मान खाली घालून मानेवरची पिसे उभारणे म्हणजे खाजवून घेण्याची मागणी होय. पोपटवर्गीय पक्ष्यांच्या डोळ्यांतील बाहुली क्षणाक्षणाला लहान-मोठी होऊ लागली, तर ते उत्तेजनाचे चिन्ह आहे. ती उत्सुकता आहे की चिडचीड, हे उरलेल्या देहाच्या ठेवणीवरून ठरवावे.

काही नैसर्गिक क्रिया आजारासारख्या भासतात. डोके वरखाली हलवून आरशासमोर किंवा जोडीदारासमोर अन्न बाहेर काढणे हे प्रेमाराधन असते. याउलट डोके झटकून अन्न चहूकडे उडवणे, त्यामुळे डोक्यावरची पिसे चिकट होणे, ही ओकारी होय आणि ती आजाराची खूण आहे. पिसे पालटण्याच्या काळात पक्षी थोडा सुस्त व चिडका होतो. परंतु त्या काळातही त्याचे खाणे थांबत नाही आणि त्वचा उघडी पडत नाही. उन्हाळ्यात पंख अंगापासून दूर धरून व चोच उघडी ठेवून धापा टाकणे हे उष्म्याचे लक्षण आहे. पिंजरा सावलीत हलवूनही ते थोड्या वेळात थांबले नाही, तर मात्र संकट समजावे.

४. आजाराची पूर्वचिन्हे

(अ) बसण्याची ठेवण : पिसे फुगवून बसणे हे बहुतेक आजारांचे पहिले चिन्ह आहे, कारण पक्षी त्यायोगे शरीराची ऊब राखण्याचा प्रयत्न करतो. निरोगी पक्षीही थंडीत किंवा झोपेत फुगतो, पण जाग येताच पिसे झटकून पूर्ववत होतो. भरदिवसा, दोन्ही पायांवर, डोळे अर्धवट मिटून तासन् तास फुगून बसलेला पक्षी आजारी समजावा. दांडी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी बसणे, पंख लोंबणे, तोल जाणे ही चिन्हे गंभीर अवस्थेची होत.

(आ) श्वसन : बसलेल्या पक्ष्याचा श्वास सहसा दिसू नये. प्रत्येक श्वासागणिक शेपटी पंपाच्या दांड्यासारखी वरखाली होत असेल, चोच उघडी असेल, घरघर किंवा टिकटिक असा आवाज येत असेल किंवा आवाजाचा पोतच बदलला असेल, तर श्वसनाचा आजार संभवतो. अशा वेळी पक्ष्याला हातात घट्ट धरू नये. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो. श्वासासाठी त्यांच्या छातीचे हाड पुढे-मागे हलावे लागते. छाती दाबली गेली तर तो गुदमरू शकतो.

(इ) विष्ठा : पक्ष्याच्या विष्ठेत तीन भाग असतात : अन्नाचा घट्ट हिरवट वा तपकिरी भाग, यूरिक आम्लाचा पांढरा भाग आणि मूत्राचा पाण्यासारखा स्वच्छ भाग. पिंजऱ्याच्या तळाशी साधा पांढरा कागद रोज बदलून अंथरला तर हे तीनही भाग स्वतंत्रपणे दिसतात. काकडी किंवा फळे खाल्ल्यावर पाण्याचा भाग वाढतो, तो जुलाब नव्हे. मात्र घट्ट भाग सैल होणे, पांढरा भाग पिवळा किंवा हिरवा होणे, विष्ठा डांबरासारखी काळी होणे, तीत न पचलेले दाणे दिसणे, किंवा तिची संख्या अचानक घटणे, यांची नोंद घ्यावी. गडद हिरवी व अत्यल्प विष्ठा बहुधा उपासमार सुचवते. गुदद्वाराजवळची पिसे माखलेली दिसणे हेही आजाराचे चिन्ह आहे.

(ई) वजन व आहार : पिसांमुळे पक्ष्याची कृशता दिसत नाही. छातीच्या मध्यभागी असलेले उभे हाड बोटाने चाचपून पाहावे. दोन्ही बाजूंचे मांस बसून ते धारदार लागत असेल तर वजन घटले आहे. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातील वजनकाटा आठवड्यातून एकदा वापरणे हा सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय होय. ३५ ग्रॅमच्या बजरीगराचे वजन साडेतीन ग्रॅमने घटणे म्हणजे देहाचा दहावा हिस्सा जाणे होय. येथे एक नेहमीची फसगत सांगितली पाहिजे. दाण्यांच्या वाटीवर टरफलांचा थर साचतो आणि वाटी भरलेली दिसते, प्रत्यक्षात खाली एकही दाणा नसतो. टरफले रोज फुंकून काढावीत. केवळ राळे व बाजरी यांवर पोसलेल्या पक्ष्यात अ जीवनसत्त्वाची व कॅल्शियमची उणीव उद्भवते. पालेभाज्या, गाजर व समुद्रफेस यांनी ती टाळता येते.

(उ) चोच, त्वचा व पिसे : चोचीच्या कडेला व पायांवर मधाच्या पोळ्यासारखी छिद्रयुक्त पांढरट खपली दिसणे हे सूक्ष्म किडीच्या प्रादुर्भावाचे लक्षण असून बजरीगरात ते पुष्कळदा आढळते. वेळीच उपचार केल्यास ते पूर्ण बरे होते. प्रौढ नर बजरीगराच्या नाकपुड्यांभोवतीचा मांसल भाग निळा असतो. तो तपकिरी होऊ लागला तर अंतर्गत गाठीची शक्यता तपासून घ्यावी. पक्षी स्वतःचीच पिसे उपटत असेल, तर त्वचेच्या आजाराबरोबरच एकटेपणा व कंटाळा यांचाही विचार करावा.

(ऊ) अंडे अडकणे : नर नसतानाही मादी अंडे घालू शकते, हे अनेकांना ठाऊक नसते. पोट फुगलेली मादी तळाशी पाय फाकून बसली असेल, कुंथत असेल व शेपटी हलत असेल, तर अंडे अडकले असण्याचा संभव आहे. येथे तासांचा हिशेब असतो, ‘उद्या पाहू’ म्हणणे परवडत नाही.

५. स्थानिक परिस्थिती : हवा, पावसाळा आणि घर

पक्ष्यांची श्वसनसंस्था सस्तन प्राण्यांहून निराळी आहे. फुप्फुसांना जोडलेल्या, साधारणतः नऊ, वायुकोशांमुळे हवा फुप्फुसातून एकाच दिशेने वाहते आणि ताजी हवा सतत मिळत राहते. उड्डाणासाठी लागणारा भरपूर प्राणवायू मिळवण्याची ही योजना विषारी वायूही तितक्याच कार्यक्षमतेने शरीरात नेते. ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत कॅनरी पक्षी वापरण्यामागे हेच तत्त्व होते. १९८६ मध्ये त्यांच्या जागी विद्युत उपकरणे आणण्याचा निर्णय तेथे झाला.

प्रस्तुत परिसराला ही बाब विशेष लागू पडते. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात वालधुनी नदीत घातक रसायन सोडले गेल्याने अनेक रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. ३ जून २०२१ च्या रात्री बदलापूरच्या औद्योगिक क्षेत्रातील वायुगळतीने लोकांना श्वसनाचा त्रास झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथमध्ये रासायनिक धुराचा थर वस्तीवर पसरून डोळे व घसा चुरचुरल्याच्या तक्रारी आल्या. ज्या हवेने माणसाचे डोळे चुरचुरतात, ती हवा चाळीस ग्रॅमच्या पक्ष्याला किती भारी पडत असेल, याची कल्पना येऊ शकते. अशा प्रसंगी गॅलरीतील पिंजरा तत्काळ आतल्या खोलीत घ्यावा, खिडक्या लावाव्यात आणि पुढील दोन दिवस शेपटीची हालचाल व आवाज यांवर लक्ष ठेवावे. रात्रीच्या वेळी उग्र वास येण्याचा अनुभव असलेल्या भागात पिंजरा रात्री आत ठेवण्याची सवयच लावून घ्यावी.

घरातील हवाही तितकीच महत्त्वाची. एका खोलीच्या घरात स्वयंपाकाचा ओटा आणि पिंजरा यांत चार हातांचेही अंतर नसते. न चिकटणाऱ्या लेपाचे रिकामे भांडे आचेवर अतितप्त झाले, तर त्यातून निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकतो. माणसाला त्याचा वासही जाणवेलच असे नाही. डासांची अगरबत्ती, धूप, फवारणीची कीटकनाशके, सिगारेटचा धूर आणि नव्या रंगाचा वास हेही घातकच.

उल्हास खोऱ्यातील पावसाळा दीर्घ व दमट असतो. ओलसर दाण्यांवर धरलेली बुरशी श्वासावाटे वायुकोशांत जाऊन असाध्यप्राय आजार निर्माण करते. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात दाणे थोडेच आणावेत, हवाबंद डब्यात ठेवावेत आणि कुबट वास येताच टाकून द्यावेत.

६. पक्ष्याचा आजार आणि कुटुंबाचे आरोग्य

पोपटवर्गीय पक्ष्यांतील ‘सिटॅकोसिस’ हा जिवाणुजन्य आजार वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसाला होऊ शकतो. त्यात ताप, डोकेदुखी व कोरडा खोकला ही लक्षणे दिसतात. घरात पक्षी आजारी असून कोणाला असा ताप आला, तर ‘घरी पक्षी आहे’ ही माहिती डॉक्टरांना न विसरता द्यावी. योग्य प्रतिजैविकांनी हा आजार बरा होतो, मात्र त्याची शंका येणे आवश्यक असते. पिंजरा कोरडा झाडू नये, कागद ओला करून उचलावा व हात धुवावेत.

बर्ड फ्लूच्या संदर्भातही सावधगिरी हवी. जानेवारी २०२१ मध्ये ठाणे शहरात मृत बगळ्यांत, तर फेब्रुवारी २०२२ मध्ये याच जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात वेहळोली येथे कोंबड्यांत या रोगाचे निदान झाले होते. अशा काळात गॅलरीतील पिंजऱ्यावर कावळे व कबुतरे बसणार नाहीत, त्यांची विष्ठा दाण्यापाण्यात पडणार नाही, एवढी व्यवस्था केली तरी बराच धोका टळतो.

७. कायदेशीर बाजू

देशी पोपट, मग तो साधा राघू असो की ‘पहाडी पोपट’, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित असून तो पकडणे, विकणे वा पाळणे गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, त्याचा समावेश दुसऱ्या अनुसूचीत झाला आहे. आफ्रिकन ग्रे, मकाव अशा आंतरराष्ट्रीय करारातील परदेशी पक्ष्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. बजरीगर व कॉकटेल त्या करारातून वगळलेले आहेत. तथापि पक्षी कोणताही असो, ज्यात त्याला पुरेशी हालचाल करता येत नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे हे १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाने क्रूरता ठरते.

कायद्याच्या भीतीने आजारी राघू दवाखान्यात नेला जात नाही किंवा एखाद्या रात्री परस्पर सोडून दिला जातो. माणसाच्या हातावर वाढलेला पोपट अन्न शोधणे व शत्रू ओळखणे शिकलेला नसतो. त्याला असे सोडणे म्हणजे मरणाकडे ढकलणे होय. त्यासाठी वनविभागाशी संपर्क साधणे हाच योग्य मार्ग आहे.

८. तातडीची काळजी

शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यांची रचना मुख्यतः गुरे, शेळ्यामेंढ्या व कोंबड्या यांच्यासाठी झाली आहे. पिंजऱ्यातील पक्ष्यांचा अनुभव असलेले वैद्य मोजके असतात. परळ येथील बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय बदलापूरहून लोकलने तासाभराहून अधिक अंतरावर आहे. म्हणून आपल्या जवळचा पक्षितज्ज्ञ कोण, त्याची वेळ कोणती, ही माहिती पक्षी निरोगी असतानाच काढून ठेवावी. उपचार मिळेपर्यंत पुढील गोष्टी कराव्यात :

१. पक्ष्याला इतर पक्ष्यांपासून वेगळे करून शांत, मंद प्रकाशाच्या जागी ठेवावे.
२. पिंजऱ्याच्या एका बाजूस बाहेरून ४० ते ६० वॅटचा पिवळा दिवा लावून ऊब द्यावी. तापमान सुमारे २८ ते ३० अंश सेल्सिअस असावे. दुसरी बाजू मोकळी ठेवावी, म्हणजे गरम झाल्यास पक्षी सरकू शकेल. मात्र उष्म्याने धापा टाकणाऱ्या पक्ष्याला ऊब देऊ नये.
३. दाणे व पाणी त्याच्या चोचीपाशी, खालच्या पातळीवर ठेवावे.
४. चोच उघडून पाणी, दूध किंवा औषध ओतू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.
५. माणसांची औषधे अंदाजाने देऊ नयेत.
६. प्रवासात हवेशीर खोका कापडाने झाकून न्यावा. विष्ठेचा ताजा कागद व वजनाच्या नोंदी सोबत घ्याव्यात.

९. समारोप

पक्षी बोलत नाही असे आपण म्हणतो. वस्तुतः तो सतत बोलत असतो, फक्त त्याची भाषा पिसांची, शेपटीची, श्वासाची आणि तळाशी अंथरलेल्या कागदाची असते. ही भाषा शिकण्यास महागडी साधने लागत नाहीत. पांढरा कागद, लहान वजनकाटा, एक वही आणि रोजची पाच मिनिटे एवढे पुरेसे आहे. जेथे तज्ज्ञ दूर आहे आणि हवा केव्हा बिघडेल याची शाश्वती नाही, तेथे या पाच मिनिटांचे मोल अधिकच वाढते. पक्षी फुगून बसल्याचे सकाळी लक्षात येणे आणि तो तळाशी पडल्याचे रात्री लक्षात येणे, यांतील बारा तासांतच बहुधा त्याच्या आयुष्याचा निर्णय होतो. हे काम घरातील शाळकरी मुलावर सोपवले तर त्याला नोंद ठेवण्याची, तुलना करण्याची व मुक्या जीवाची जबाबदारी घेण्याची सवय आपोआप लागेल. ज्या कुटुंबाला एवढा वेळ देणे शक्य नाही, त्याने पिंजरा विकत न घेणे हीच पक्ष्यावरची खरी माया होय.